कपडा नेमका कुठला? लेबल, जकात आणि आपली खरेदी

रमजान जवळ आला की पुण्याच्या कापडबाजारात देशोदेशींची नावे ऐकू येऊ लागतात. कोंढव्यात ‘दुबई अबाया’ आणि ‘कोरियन निदा’, मोमिनपुऱ्यात ‘तुर्की हिजाब’, कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर ‘बँकॉकचा माल’, आणि जवळजवळ प्रत्येक लेडीज दुकानात ‘पाकिस्तानी सूट’. डेक्कनला तर एका अख्ख्या गल्लीचेच नाव हाँगकाँग लेन आहे. दुकानदार देशाचे नाव घेतो आणि भाव दोनशे-चारशे रुपयांनी वाढतो. आपणही ते मान्य करून पैसे मोजतो.

पण तो कपडा खरोखर त्या देशाचा आहे का? हे कोण ठरवते, कसे ठरवते? परदेशी कपड्यावर सरकार किती कर घेते आणि चुकीचा देश सांगितला तर काय होते? पूर्वी हे प्रश्न फक्त मोठ्या व्यापाऱ्यांचे होते. आता आपल्या अनेक भगिनी घरी बसून व्हॉट्सअॅपवर अबाया, स्कार्फ, जानमाज विकतात. बहुतेक कुटुंबांचे कोणी ना कोणी आखाती देशांत आहे. उमराहून परतणारी मंडळी भरलेल्या बॅगा घेऊन येतात. त्यामुळे कस्टमचे हे नियम आता घरापर्यंत आले आहेत, आणि ते माहीत नसल्याने नुकसान सोसणारे लोकही आपल्यातलेच आहेत. म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

दोन अर्थांची जकात

सरकारी मराठीत कस्टम ड्यूटीला सीमाशुल्क म्हणतात. जुन्या मराठीत तिला आयात जकात म्हणत, आणि शहराच्या वेशीवर मालावर घेतला जाणारा कर तर नुसताच ‘जकात’ होता. पुण्याच्या चारही वाटांवरचे जकात नाके अनेकांना आठवत असतील. पुणे महापालिकेने १ एप्रिल २०१३ पासून जकात बंद केली. हा शब्द मराठीत आला तो अरबीतल्या ‘जकात’वरूनच, फारसी राजवटींच्या वाटेने. मात्र दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. एक इबादत आहे, दुसरा सरकारचा कर. एक भरली म्हणून दुसरी माफ होत नाही, हे सांगायला नको. साम्य एवढेच की दोन्हींत हिशेब नीट लागतो आणि माल काय आहे हे खरे सांगावे लागते.

परदेशातून माल आला की कस्टम अधिकारी तीन गोष्टी विचारतो. माल काय आहे? त्याची किंमत किती? तो कोणत्या देशात तयार झाला? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला वर्गीकरण म्हणतात आणि तिसऱ्याच्या उत्तराला मूळ देश. कर ठरतो तो या तीन उत्तरांवर.

उमराहून आलेली बॅग उघडून पाहू

जगातल्या प्रत्येक वस्तूला कस्टममध्ये एक आकडा असतो. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेने ही आकड्यांची पद्धत तयार केली आणि १ जानेवारी १९८८ पासून ती लागू झाली. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. भारतात त्यापुढे आणखी दोन जोडून आठ आकडी क्रमांक होतो. आपल्या जीएसटीच्या बिलावर ‘एचएसएन’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो याच पद्धतीतला.

कापड आणि कपडे हे या यादीच्या ५० ते ६३ या प्रकरणांत येतात. त्यातली प्रकरण ६१ आणि ६२ ही तयार कपड्यांची. या दोहोंत फरक आहे तो विणीचा. होजिअरी म्हणजे सुयांवर विणलेला, ताणला जाणारा कपडा ६१ मध्ये. मागावर विणलेल्या कापडाचा कपडा ६२ मध्ये. टी-शर्ट ६१ मध्ये जातो, साधा कॉलरचा शर्ट ६२ मध्ये.

आता उमराहून आलेली एखादी बॅग डोळ्यांसमोर आणू. जॉर्जेटचा हिजाब मागावर विणलेला, म्हणून तो ६२१४ या शीर्षकाखाली. शाली, स्कार्फ, मफलर यांच्यासोबत. तसाच दिसणारा जर्सीचा ताणला जाणारा हिजाब मात्र ६११७ खाली. क्रोशाची टोपी कपड्यांच्या प्रकरणात नाहीच, ती ६५०५ मध्ये, डोक्यावर घालायच्या वस्तूंत. एहरामचे जाड टॉवेल शिवलेले कपडे नव्हेत. ते ६३०२ मध्ये, न्हाणीघरातल्या टॉवेलांच्या पंक्तीत. सतरंजी-गालिच्याच्या जातीची जानमाज प्रकरण ५७ मध्ये जाते. या प्रकरणाची टीपच सांगते की ज्या वस्तूला जमिनीवर अंथरायच्या गालिच्याचे गुण आहेत, ती दुसऱ्या कामासाठी असली तरी इथेच धरायची. म्हणजे काबाशरीफचे चित्र असलेला गालिचा कोणी भिंतीवर लावला तरी कस्टमच्या दृष्टीने तो गालिचाच.

राहिला अबाया. इथे खरी गुंतागुंत आहे. पुढून पूर्ण बंद अबाया हा झगा म्हणायचा का? पुढून उघडा आणि आतल्या कपड्यावर घालायचा अबाया हा कोट किंवा अंगरखा म्हणायचा का? की दोन्ही नव्हे म्हणून ‘इतर वस्त्रे’ या शीर्षकात टाकायचा? कागदावर फक्त ‘अबाया’ असे लिहून भागत नाही. तो कसा शिवला आहे, कशावर घालतात, कापड कोणते आहे, हे पाहूनच आकडा ठरतो.

कापडाचा नियम मात्र सोपा आहे. मिश्र धाग्याच्या कपड्यात वजनाने जो धागा जास्त, त्याच्या नावाने कपडा ओळखायचा. ६० टक्के व्हिस्कोस आणि ४० टक्के सुती असेल तर तो व्हिस्कोसचा. दुकानदार त्याला ‘कॉटन’ म्हणून विकत असला तरी.

आणखी काही नियम ऐकून गंमत वाटेल, पण ते खरे आहेत. पुढून बंद होणाऱ्या कपड्यात डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषांचा, उजवी बाजू डावीवर येत असेल तर स्त्रियांचा. ओळखताच आला नाही तर तो स्त्रियांच्या कपड्यांत धरायचा. बाळाचा कपडा म्हणजे किती लहान मुलाचा? ८६ सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या. एका पाकिटात अबाया आणि त्याला जुळणारा स्कार्फ असेल तर दोन्हींचा आकडा वेगळा लावायचा. एक पाकीट, एक किंमत असली तरी कस्टमला ते दोन कपडे आहेत. न शिवलेले ड्रेस मटेरियल हे कपडा नव्हे, कापड. त्याची प्रकरणे वेगळी, आणि त्यावर भरतकाम असेल तर आणखी वेगळे.

एवढा कीस काढायचे कारण पैसा आहे. आकडा बदलला की कराचा दर बदलू शकतो. काही कपड्यांवर किमतीच्या टक्क्यांत कर असतो, तर काहींवर ‘इतके टक्के किंवा नगाला इतके रुपये, यांत जे जास्त ते’ अशी अट असते. स्वस्त कपडा अगदीच कमी किंमत दाखवून आणला जाऊ नये, म्हणून ती अट.

हजार रुपयांच्या कपड्यावर किती कर?

२०१८ च्या जुलै आणि ऑगस्ट महिन्यांत केंद्र सरकारने शेकडो कापडी वस्तूंवरची आयात जकात १० टक्क्यांवरून २० टक्के केली. देशातल्या गिरण्या आणि शिलाई कारखाने टिकावेत हा त्यामागचा हेतू. तेव्हापासून बहुतेक तयार कपड्यांवर मूळ जकात २० टक्के धरली जाते.

समजा १,००० रुपये किमतीचा एक कपडा आला. ही किंमत म्हणजे नुसती खरेदीची रक्कम नव्हे. जहाजाचे किंवा विमानाचे भाडे आणि विमा धरून. त्यावर २० टक्के मूळ जकात झाली २०० रुपये. या २०० रुपयांवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे २० रुपये. एकूण १,२२०. आता या १,२२० वर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ५ टक्क्यांनी ६१ रुपये झाले. म्हणजे हजाराच्या कपड्यावर सरकारजमा झाले २८१ रुपये. भरलेला जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला पुढच्या विक्रीत वळता करून घेता येतो. मूळ जकात आणि अधिभाराचे २२० रुपये मात्र कपड्याच्या किमतीतच बसतात आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात.

हेच २२० रुपये वाचवण्यासाठी मूळ देशाचा खेळ चालतो.

दुबईहून आला म्हणजे दुबईचा नव्हे

साधा नियम असा, की माल कोणत्या बंदरातून निघाला यावर त्याचा मूळ देश ठरत नाही. तो कुठे तयार झाला यावर ठरतो. चीनमध्ये शिवलेला स्कार्फ दुबईच्या घाऊक बाजारात विकत घेऊन पुण्यात आणला तर तो चीनचाच स्कार्फ. स्वीडनच्या एच अँड एमच्या कपड्यावर ‘मेड इन बांगलादेश’ दिसते ते याच कारणाने. ब्रँड एका देशाचा आणि कपडा दुसऱ्या देशाचा असू शकतो.

अडचण येते ती एकच कपडा चार देशांत घडतो तेव्हा. कापूस एका देशाचा, सूत दुसऱ्या देशात कातलेले, कापड तिसऱ्या देशात विणलेले आणि शिलाई चौथ्या देशात. मग देश कोणता? कोरियातून आलेले निदा कापड दुबईच्या शिलाईखान्यात बेतून, शिवून, अबाया झाला, तर शिलाईने वस्तूचे रूप बदलले. कापडाचा कपडा झाला. पण शिवलेला अबाया बाहेरून आणून दुबईत नुसते लेबल लावले, इस्त्री केली आणि पाकिटात घातला, तर एवढ्याने मूळ देश बदलत नाही.

भारताने अनेक देशांशी व्यापार करार केले आहेत. त्या देशात तयार झालेल्या मालाला जकातीत सवलत मिळते, आणि ‘तयार झालेला’ म्हणजे काय याची प्रत्येक करारात वेगळी अट असते. दक्षिण आशियाई देशांच्या साफ्टा करारात सर्वसाधारण अट अशी, की कच्च्या मालाचा आणि तयार वस्तूचा चार आकडी क्रमांक वेगळा हवा, आणि किमतीत त्या देशात झालेली भर किमान ४० टक्के हवी. बांगलादेशसारख्या अल्पविकसित देशांसाठी ही भर ३० टक्के पुरते.

बांगलादेशच्या कपड्यांना २०११ पासून भारतात जवळजवळ पूर्ण जकातमाफी आहे. म्हणजे ६०० रुपयांच्या शर्टावर जकात आणि अधिभाराचे १३२ रुपये माफ. भारतातल्या कपडा कारखानदारांची तक्रार नेमकी इथेच आहे. चीनचे कापड बांगलादेशात शिवले जाते आणि जकात न भरता इथे येते, मग इथल्या शिलाई कामगाराने कुणाशी स्पर्धा करायची? दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ढाक्यातल्या कारखान्यांत राबणाऱ्या लाखो बायकांची चूल याच निर्यातीवर पेटते. करारात ही सवलत ठरलेली आहे. अट पाळून आणलेला माल पूर्ण कायदेशीर आहे. गुन्हा होतो तो दुसऱ्या देशाच्या मालाला बांगलादेशचा कागद लावला तर.

संयुक्त अरब अमिरातींशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याची सवलतही फक्त तिथे तयार झालेल्या मालाला, आणि तिथल्या अर्थ मंत्रालयाच्या मूळ देशाच्या दाखल्यावर. दुबईच्या दुकानाचे बिल हा तो दाखला नव्हे. काही व्यापाऱ्यांचा इथेच गैरसमज होतो.

शिवाय २१ सप्टेंबर २०२० पासून नियम आणखी कडक झाला. पूर्वी परदेशी अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला पुढे केला की बहुधा काम होई. आता ‘कॅरोटार’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांनुसार आयातदाराकडे स्वतःकडे माहिती असावी लागते. माल कसा तयार झाला, कच्चा माल कुठला, किमतीत भर किती, हे त्याला सांगता आले पाहिजे आणि हे कागद पाच वर्षे जपून ठेवले पाहिजेत. ‘दाखला समोरच्याने दिला, मला काय माहीत’ हे उत्तर चालत नाही. सवलत मागणाऱ्यानेच ती आपल्याला लागू होते हे सिद्ध करायचे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही जुलै २०१८ मध्ये दिलीप कुमार अँड कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. ते प्रकरण मुंबईच्या कस्टममधलेच होते.

२०२५ चे दोन आदेश

मे २०२५ मध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने दोन आदेश निघाले आणि मूळ देशाचा प्रश्न कराच्या पलीकडे गेला.

पहलगामच्या हल्ल्यानंतर २ मे २०२५ रोजी परदेश व्यापार महासंचालनालयाने पाकिस्तानात तयार झालेल्या किंवा तिथून निर्यात झालेल्या सर्व मालाची आयात बंद केली. थेट आणि दुसऱ्या देशामार्गे, दोन्ही. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ पासून त्या मालावर २०० टक्के जकात होतीच, त्यामुळे व्यापार आधीच जवळजवळ थांबला होता. आता तो पूर्ण मना झाला.

त्यानंतर जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, न्हावा शेवा बंदरात ‘ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट’ नावाची कारवाई केली. ३९ कंटेनर पकडले. १,११५ टन माल, किंमत सुमारे ९ कोटी रुपये. कागदावर देश होता संयुक्त अरब अमिराती. तपासात दिसले की माल कराचीहून दुबईला आणि तिथून न्हावा शेवाला आला होता. त्या मालात होती आपल्या इफ्तारच्या ताटातली खारीक. आयातदार फर्मच्या एका भागीदाराला अटक झाली. प्रकरण कपड्याचे नव्हते, पण दुबईमार्गे येणाऱ्या कपड्यालाही हाच नियम लागू आहे.

दुसरा आदेश १७ मे २०२५ चा. बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरच्या कोणत्याही नाक्यातून आणायचे नाहीत. फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा या दोन बंदरांतूनच आणायचे. जकातमाफी काढली नाही, फक्त वाट बदलली. पूर्वी बंगालच्या सीमेवरून ट्रकने येणारा माल आता समुद्रमार्गे येऊ लागला. न्हावा शेवा रायगड जिल्ह्यात, पुण्याहून काही तासांच्या अंतरावर. पण ट्रकने लवकर पोहोचणारा कपडा जहाजाने उशिरा पोहोचतो, आणि ईदच्या हंगामात आठवडाभराचा उशीरही व्यापाऱ्याला भारी पडतो.

‘पाकिस्तानी सूट’ची पाटी

आता आपल्या बाजारातल्या पाटीकडे वळू. ‘पाकिस्तानी सूट’ हे नाव भारतात मुख्यतः एका ढबीचे नाव झाले आहे. लांब कमीज, पुढे भरतकाम, छापील लॉनचे कापड, मोठा दुपट्टा. असा माल सुरतेत मोठ्या प्रमाणावर तयार होतो आणि देशभर जातो. पुण्यातल्या दुकानांत या नावाने टांगलेले बहुतेक सूट याच जातीचे, म्हणजे अस्सल भारतीय माल.

मग त्यावर दुसऱ्या देशाचे नाव कशाला? गिऱ्हाइकाला वाटावे की आपण काही खास, परदेशी घेतो आहोत, म्हणून. यात तीन प्रकारे नुकसान आहे. एक, गिऱ्हाईक नसलेल्या गोष्टीचे पैसे मोजते. दोन, सुरतेच्या किंवा भिवंडीच्या कारागिराच्या मेहनतीचे श्रेय त्याला मिळत नाही. तीन, दुकानदार स्वतःच्या हाताने संकट ओढवून घेतो. आज ज्या देशाचा माल आणणे मना आहे, त्या देशाचे नाव आपल्या भारतीय मालावर लावून बसायचे, आणि उद्या कोणी तक्रार केली की ‘हा सुरतेचा आहे’ म्हणून बिले शोधत फिरायचे. चौकशीत तो सुटेल. पण दुकान बंद राहील, नाव खराब होईल, आणि मोहल्ल्यात चर्चा होईल ती वेगळीच.

आमचे आपल्या दुकानदार बांधवांना सांगणे आहे की ढबीला ढबीचे नाव द्या. ‘लॉन सूट’, ‘भरतकामाचा लांब सूट’, ‘सुरत लॉन’ असे लिहा. खरेदीचे बिल जपून ठेवा. ज्याच्याकडे पक्के बिल आहे, त्याला कोणत्याही चौकशीची भीती नाही. आणि कोणी सांगत असेल की ‘हा अस्सल पाकिस्तानचाच आहे, दुबईमार्गे आणलाय’, तर तो माल हातात घेऊ नका. मना असलेला माल आहे हे माहीत असून जो तो ठेवतो किंवा विकतो, त्यालाही कस्टम कायदा दंड करतो. माल जप्त होतो तो वेगळाच. गंभीर प्रकरणात सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मालाची खोटी ओळख सांगून केलेली विक्री आपल्या दीनमध्येही जायज नाही, हे तर आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

घरून व्यवसाय करणाऱ्या भगिनींसाठी

कोंढवा-वानवडी भागात घरून अबाया विकणाऱ्या भगिनींची संख्या वाढते आहे. हा चांगला, इज्जतीचा धंदा आहे. पण त्याची सुरुवात बहुधा अशी होते, की दुबईहून येणाऱ्या भावाला किंवा नणंदेला ‘येताना पंधरा-वीस पीस घेऊन ये’ असे सांगितले जाते. इथे थांबून विचार करायला हवा.

प्रवाशाला बॅगेत काही रकमेपर्यंतचा माल जकातीविना आणता येतो. २०१६ च्या बॅगेज नियमांनी आखाती देशांतून परतणाऱ्या भारतीयांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये ठरवली होती. सरकार ही रक्कम वेळोवेळी बदलते, म्हणून प्रवासाआधी त्या वेळचा आकडा कस्टमच्या सरकारी संकेतस्थळावर पाहावा. पण रकमेपेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. ही सवलत प्रत्येक प्रवाशाची वेगळी असते; नवरा-बायकोची मिळून एका मोठ्या वस्तूसाठी ती एकत्र करता येत नाही. आणि ती स्वतःच्या वापराच्या किंवा भेटीच्या वस्तूंसाठी आहे, विक्रीच्या मालासाठी नाही. एकाच नमुन्याचे, चार मापांचे तीस अबाया बॅगेत दिसले तर अधिकारी त्याला व्यापारी माल मानणारच. असे असताना हिरव्या मार्गाने निघून जाणे म्हणजे ‘माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही’ असे लेखी दिल्यासारखेच. लाल मार्गाने जाऊन सांगितले तर कर भरून प्रश्न मिटतो. लपवले तर जप्ती आणि दंड. आणि त्यात अडकतो तो उपकार म्हणून माल आणणारा नातेवाईक. विमानतळावर उत्तरे त्यालाच द्यावी लागतात.

सरळ रस्ता तितका अवघड नाही. व्यापारासाठी माल आणायचा तर आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे आयईसी लागतो. पॅन कार्डावर, ५०० रुपये शुल्कात, ऑनलाइन मिळतो. तो देणाऱ्या परदेश व्यापार महासंचालनालयाचे विभागीय कार्यालय पुण्यात आहे. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती ऑनलाइन अद्ययावत करावी लागते. हे विसरले की क्रमांक बंद पडतो. माल कुरिअरने, विमानाने किंवा न्हावा शेवाला जहाजाने मागवता येतो. कागदपत्रांचे काम परवानाधारक कस्टम एजंट करतो. पण एक लक्षात ठेवा, बिल ऑफ एंट्री नावाच्या अर्जात माल काय, कुठला, कितीचा हे सांगण्याची जबाबदारी कायद्याने आयातदाराची आहे. एजंटाने काय लिहिले ते वाचल्याशिवाय संमती देऊ नका.

कोणत्या आकड्यात माल बसतो याची शंका असेल तर आधीच विचारण्याची सोय आहे. मुंबईतील सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे १०,००० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. तीन महिन्यांत निर्णय देण्याची मुदत आहे आणि तो काही वर्षे चालतो. वीस-पंचवीस पिसांसाठी हा खर्च परवडणार नाही, पण चार-पाच जणींनी मिळून नियमित आयात करायचे ठरवले तर विचार करण्यासारखा आहे. स्थानिक चौकशीसाठी पुणे सीमाशुल्क आयुक्तालय ससून रोडवर, वाडिया कॉलेजसमोरच्या जीएसटी भवनात आहे.

रंगाकडेही लक्ष असू द्या. काही अॅझो रंग त्वचेला आणि आरोग्याला घातक म्हणून भारतात मना आहेत. आयात कापडासोबत ते रंग नसल्याचा प्रयोगशाळेचा दाखला लागतो. नसेल तर नमुने तपासणीला जातात आणि माल थांबतो. परदेशी व्यापाऱ्याकडून हा दाखला आधीच मागून घ्यावा. दिवसभर अंगावर राहणाऱ्या काळ्या अबायाच्या बाबतीत तर ही तपासणी आपल्या भल्याचीच आहे.

ईदीच्या पार्सलवरही कर

पूर्वी परदेशातून टपालाने किंवा कुरिअरने आलेली ५,००० रुपयांपर्यंतची भेटवस्तू जकातीविना येत असे. काही परदेशी ऑनलाइन दुकाने विक्रीचा मालही ‘गिफ्ट’ लिहून पाठवू लागली, म्हणून सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये ही सवलत काढून घेतली. राखी आणि जीव वाचवणारी औषधे तेवढी वगळली. आता रियाधहून मुलाने आईसाठी पाठवलेल्या जोड्यावरही कर लागतो. पार्सल दारात आल्यावर कुरिअरवाला पैसे मागतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका. कस्टमच्या आकारणीची पावती मागा आणि रक्कम पडताळून पहा. भेट पाठवणाऱ्याने पाकिटात खरे बिल ठेवले तर किमतीवरून वाद होत नाही.

गिऱ्हाईक म्हणून आपण काय करावे?

आधी लेबल पाहावे. बाजूच्या शिवणीत किंवा मानेशी ‘मेड इन’ पुढे देशाचे नाव असते, तिथेच धाग्याचे प्रमाणही दिलेले असते. बंद पाकिटातून विकल्या जाणाऱ्या आयात मालावर मूळ देश आणि आयातदाराचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. ऑनलाइन विक्रेत्यालाही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मूळ देश सांगावा लागतो. ‘इम्पोर्टेड’ म्हणून विकायला ठेवलेल्या पाकिटावर आयातदाराचे नावच नसेल, तर एक तर तो माल इथलाच आहे, नाही तर आडवाटेने आलेला आहे. दोन्ही बाबतींत जादा पैसे देण्याचे कारण नाही.

बिल मागावे. मागितल्यावर दुकानदार का-कू करत असेल तर त्यातच उत्तर मिळाले. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते.

सगळ्यात शेवटी, कपडा हातात घेऊन पाहावा. शिवण सरळ आहे का, रंग ओल्या रुमालाला लागतो का, कापड अंगाला मानवेल का. सुरतेचा चांगला सूट सुरतेच्या नावाने घेण्यात कमीपणा काही नाही. आपल्या सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मागांवर हजारो मुस्लिम विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आली आहेत. ईदचा एखादा जोडा त्यांच्या कापडाचा असला, तर त्यावर ना जकात, ना लेबलाची शंका. आणि पैसा आपल्याच माणसांच्या घरात जाईल.